न दिसलेल्यांची मोजदाद

वर्गात हजेरी घेणे हे मास्तराच्या कामांतले सर्वांत सोपे काम, असे लोक समजतात. पण ते सोपे असते ते केवळ पट हाती असतो म्हणून. ज्यांचा पट कोणी लिहिलेला नाही, जे नाव पुकारल्यावर ओ देत नाहीत आणि माणसाची चाहूल लागताच दिसेनासे होतात, त्यांची हजेरी कशी घ्यावी? रानातले वाघ, पाण्यातले मासे, पाणथळीतली बदके ही सारी ह्या जातीची. त्यांच्या मोजणीचा इतिहास मी अलीकडे हौसेने वाचला. मॅट्रिकपुरत्या गणितावर मला त्यातून एवढे उमगले, की मोजणाऱ्याची परीक्षा दिसलेल्यांत नसते. ती न दिसलेल्यांत असते.

ह्या विद्येचे एक मूळ माणसांच्याच मोजणीत आहे. १८०२ साली लाप्लास ह्या फ्रेंच गणितज्ञाने सारा फ्रान्स न मोजता काही निवडक गावांतली माणसे आणि तिथले जन्म मोजले. सुमारे २८ माणसांमागे वर्षाला एक जन्म, असे प्रमाण निघाले. देशभरच्या जन्मांच्या आकड्याला त्याने गुणले, तेव्हा लोकसंख्या २ कोटी ८० लाखांच्या वर आली. आणि एवढे करून तो थांबला नाही. आपले उत्तर कितपत चुकले असू शकेल, ह्याचाही हिशोब त्याने मांडला!

पुढे १८९६ च्या सुमारास पीटरसन ह्या डॅनिश शास्त्रज्ञाने माशांना खुणा करून पाण्यात परत सोडले, आणि १९३० साली अमेरिकेत लिंकन ह्याने पायांत कडी घातलेल्या बदकांवरून बदकांच्या एकूण संख्येचा अंदाज बांधला. युक्ती शाळकरी मुलाला समजेल अशी आहे. तळ्यातले ५० मासे धरा, खूण करून सोडा. काही दिवसांनी ४० धरा. त्यांत खुणेचे १० निघाले, तर ४० मध्ये १० म्हणजे चौथा हिस्सा. तेव्हा तळ्यात मासे असावेत सुमारे २००. मात्र खुणा गळून पडता कामा नयेत, मासे पुरते मिसळले पाहिजेत आणि मधल्या काळात तळ्यात आवकजावक होता कामा नये. अटी अशा उघड्यावर मांडलेल्या असतात, म्हणून चूक कुठे शिरली तेही शोधता येते.

आपल्याकडे वाघांच्या बाबतीत निराळी वाट धरली गेली. १९६६ साली ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी ह्यांनी पाऊलठशांची पद्धत बसवली. मागच्या डाव्या पावलाचा ठसा काचेवर गिरवायचा, आणि जितके वेगळे ठसे तितके वाघ धरायचे. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १८२७ वाघ निघाले. त्या आकड्याने देश हादरला आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ अभयारण्यांत आपले मेळघाटही होते. एवढे श्रेय त्या ठशांना दिलेच पाहिजे.

पण एकाच वाघाचा ठसा चिखलात एक आणि वाळूत दुसरा उमटतो. शिवाय ह्या पद्धतीत एकही वाघ सुटत नाही, असे गृहीत धरलेले होते. न दिसलेल्यांना तिच्यात रकानाच नव्हता. राजस्थानातील सरिस्कामध्ये २००४ साली कागदावर सोळा-अठरा वाघ होते. २००५ च्या मार्चमध्ये तज्ज्ञांनी रान धुंडाळले, तेव्हा एकही उरलेला नव्हता; शिकारी चोरांनी ते संपवले होते. वाघ मरत होते आणि वही भरत होती!

दुसरी वाट तोवर अज्ञात होती, असेही नाही. कर्नाटकात नागरहोळेच्या रानात उल्लास कारंथ ह्यांनी वाटांवर आपोआप टिपणारे कॅमेरे बांधले होते. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे. तेव्हा खूण निसर्गानेच करून ठेवलेली. पुन्हापुन्हा किती ओळखीचे वाघ दिसतात, ह्यावरून न दिसलेले किती ते काढायचे. माशांचाच हिशोब तो. त्यांचा ह्यावरचा निबंध १९९५ साली प्रसिद्धही झाला होता. सरिस्कानंतर देशाने नवी पद्धत स्वीकारली. २००६ च्या गणनेत सरासरी अंदाज १४११ आला, आणि त्याबरोबर ११६५ ते १६५७ अशी मर्यादाही छापली गेली. त्याआधीचा सरकारी आकडा ३६०० च्या वर होता. मधला सगळा फरक मेलेल्या वाघांचा नव्हे; त्यांतले कित्येक वाघ कागदावरच जन्मले होते.

२०२२ च्या गणनेत सरासरी ३६८२ वाघ आले, त्यांत महाराष्ट्रातले ४४४. आनंदाची गोष्ट आहे. परंतु ह्या आकड्यापेक्षा त्याच्या शेजारी छापलेली कमीअधिक मर्यादा मला मोलाची वाटते. "एवढे पाहिले, एवढे पाहिले नसावेत" असे म्हणायला अधिकाऱ्याला धैर्य लागते, कारण पूर्ण आकडा मागणारे वर बसलेले असतात. सरिस्कात २००८ पासून रणथंबोरचे वाघ नेऊन सोडले, आणि ते रान पुन्हा नांदते झाले. पण जुन्या वाघांपैकी शेवटचा नेमका कधी गेला, हे त्या भरलेल्या वहीत कुठेही लिहिलेले नाही.