सुपात गेलेली शाळा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी मुरली आहे की म्हातारे माणूस विसरू लागले तर घरात कुणाला नवल वाटत नाही. वय झाले, एवढ्यावर विषय मिटतो. अलीकडे ही समजूत सैल होऊ लागली आहे, पण तिच्या जागी आलेली नवी समजूतही तितकीच सोयीची आहे: पन्नाशीनंतर रोज चार बदाम खावेत, फिरायला जावे, शब्दकोडी सोडवावीत आणि उरलेले नव्या औषधांवर सोपवावे. पहिल्या समजुतीत दोष वयाचा, दुसरीत ज्याच्या त्याच्या सवयींचा. संगमनेरचा इतिहास पाहिला की दोन्ही अपुऱ्या पडतात. अल्झायमर लांबवण्याची एक मोठी संधी इथल्या असंख्य बायकांच्या हातून साठीत नव्हे, तर आठव्या-दहाव्या वर्षीच गेली. आणि ती गेली विडीच्या धंद्याच्या रचनेमुळे.

प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावरचे हे गाव सिन्नर, नगर, सोलापूर यांच्याबरोबरीने विडीसाठी ओळखले जाते. पण विडीचा कच्चा माल बहुतांशी बाहेरचा. टेंभुर्णीची पाने विदर्भ-मध्य प्रदेशाच्या जंगलांतली, तंबाखू निपाणी आणि गुजरातकडची. गावाने पुरवले ते हात, आणि त्यातही बायकांचे. मालकाकडून पाने, तंबाखू, दोरा घरी आणायचा. पाने भिजवायची, कातरीने मापात कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन विडी वळायची, तोंड मुडपायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. दर दिवसावर नसून नगावर असला की घरातले प्रत्येक बोट कमाईचे ठरते, आणि विडीचे तोंड मुडपायला लहान मुलीची बोटे पुरतात. शाळेच्या वेळेला त्यामुळे रोजची किंमत चिकटली. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी माल नेऊन विड्या वळणाऱ्या, म्हणजे घरखेप करणाऱ्या, बाईला कामगार मानले, हे त्याचे मोठे श्रेय. मुलांना कामावर घ्यायला मात्र बंदी केली ती कारखान्याच्या जागेत. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीकाम मुलांना निषिद्ध ठरवले, तरी कुटुंबाच्या मदतीने चालणारे काम वगळले. ही पळवाट बऱ्याच अंशी आवळली गेली ती २०१६ च्या दुरुस्तीत. १९५५ साली जन्मलेली मुलगी तोवर एकसष्ट वर्षांची झाली होती.

याचा स्मृतीशी संबंध काय? शिक्षणाने मेंदूत एक शिल्लक साठते, असे आज मानले जाते. रोगाने पेशी झिजू लागल्या तरी ही शिल्लक असलेला माणूस अधिक काळ निभावून नेतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली, ती सारी दूर झाली तर जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश (अल्झायमर हे त्याचे मुख्य कारण) टळू किंवा लांबू शकेल, असा त्याचा अंदाज आहे. त्या यादीत लहानपणीचे अपुरे शिक्षण आहे, तसेच उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठी राहणी, बहिरेपण, अधू नजर आणि एकटेपणही आहे. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त. विडी वळल्यानेच अल्झायमर होतो, असा याचा अर्थ नाही. यादीतली बरीच कारणे एकाच उंबऱ्याआड गोळा करणारी व्यवस्था म्हणजे हा धंदा, एवढाच दावा आहे.

त्यावर एक वजनदार आक्षेप आहे. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत बहुसंख्य लोक निरक्षर होते, तरी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात अल्झायमरचे प्रमाण जगातल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी एक निघाले आणि साक्षरतेशी त्याचा संबंध दिसला नाही. पण रोगी मुळातच मोजके असतील तर असा संबंध आकड्यांत उमटणे अवघड. शिवाय जिथे आजारी माणूस फार काळ जगत नाही तिथे मोजणीच्या दिवशी रोगी कमीच सापडतात. दुसरा आक्षेप असा की विडी हे कसबाचे काम आहे आणि बायका घोळक्याने बसून, गप्पा मारत ते करतात. हाच मेंदूचा व्यायाम नाही का? सोबतीचा गुण मान्यच केला पाहिजे. कसब मात्र एकदा बोटांत बसले की डोक्याला नवे काही विचारत नाही, आणि हजारांचा हिशेब बाईला तासन्‌तास मांडी मोडू देत नाही.

आहाराबद्दल काही बोलूच नये असे नाही. फिनलंडमधल्या ‘फिंगर’ प्रयोगात साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १,२६० जणांपैकी सुमारे निम्म्यांना आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबावर देखरेख असे एकत्र दोन वर्षे दिल्यावर थोडा पण खरा फायदा दिसला. बाजरीची भाकरी, हुलगा-मटकी, पालेभाजी हे इथले जुने जेवण त्या वळणापासून फार दूर नाही. पण चालायला वेळ आणि रक्तदाब मोजायला दवाखाना लागतो. नुसत्या ताटाने भागत नाही. नव्या औषधांची गोष्ट आणखी दूरची. लेकानेमॅब या औषधाने चाचणीत अठरा महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, तीही आजार अगदी सुरुवातीला असताना. त्या चाचणीत दर पंधरवड्याला शिरेतून औषध आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव नाही ना, हे पाहायला वारंवार एमआरआय.

म्हणून आज सत्तरीत असलेल्या बाईसाठी रक्तदाबाची गोळी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि कानाचे यंत्र हे उपाय अधिक हाताशी आहेत. तिच्या नातीसाठीचा उपाय मात्र वेगळ्याच खात्यात सापडतो. १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधीतून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळत आल्या. त्या निधीसाठी विडीवर बसवलेला उपकर २०१७ मध्ये जीएसटीबरोबर संपला. त्या शिष्यवृत्तीची नोंद कामगार खात्याच्या वहीत झाली, आरोग्य खात्याच्या नव्हे. तिच्यामुळे वर्गात टिकलेली मुलगी सत्तरीला पोहोचेल तेव्हा कळेल, की तो खर्च दोन्ही वह्यांत मांडायला हवा होता.