सैन्याने दडवून ठेवलेली ५८ मिनिटं

२६ जानेवारी जवळ आली की आपल्या ग्रुपवर जवानांच्या रील्सचा पूर येतो. बर्फ, तिरंगा, शवपेटी, मागे चढतं संगीत. दोन मिनिटं ऊर भरून येतो, मग पुढची रील. अशा वेळी मला जॉन ह्यूस्टन या अमेरिकन दिग्दर्शकाच्या दोन छोट्या फिल्म आठवतात. दोन्ही त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खुद्द अमेरिकन सैन्यासाठी केल्या.

पहिली 'सॅन पिएत्रो' (१९४५). डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या एका डोंगराळ गावासाठी झालेली लढाई, अर्ध्या तासात. लढाईची बरीच दृश्यं मागाहून उभी केलेली होती. मेलेल्या सैनिकांचे देह मात्र खरे. काही अधिकारी बिथरले, ही तर युद्धविरोधी म्हणाले. पण सेनाप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी पाहिली आणि उलट प्रशिक्षणातल्या जवानांना दाखवायला सांगितली.

दुसरी 'लेट देअर बी लाइट' (१९४६). हिच्यात लढाई नाहीच. न्यूयॉर्कजवळच्या लष्करी मनोरुग्णालयात युद्धावरून परतलेली पोरं. एकाचे पाय शाबूत, पण चालता येत नाही. एकाची वाचा अडकलेली. एक जण मैत्रिणीच्या फोटोबद्दल सांगता सांगता हुंदके देतो. गोरे-काळे एकत्र बसलेत, तेही सैन्यात त्यांच्या तुकड्या वेगळ्या असतानाच्या काळात. एकही दृश्य घडवून आणलेलं नाही, हे सुरुवातीलाच सांगितलंय. आणि हेही, की लढाईतल्या जायबंदींपैकी सुमारे २० टक्के मनाने जायबंदी होते.

फिल्मचा हेतू साधा होता, मालकांनी या पोरांना नोकरी द्यावी. (उपचार जरा जास्तच झटपट लागू पडतात, हे खरं.) तरी सैन्याने ती दाबली. न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये दाखवणार होते, तर लष्करी पोलिसांनी प्रिंटच उचलून नेली. कारण दिलं रुग्णांच्या खाजगीपणाचं. ह्यूस्टनचं म्हणणं, लढून आलेला गडी आणखी कणखर होऊन परततो ही दंतकथा त्यांना जपायची होती. लोकांसमोर ती आली तीस-पस्तीस वर्षांनी.

म्हणजे बघा, मेलेला सैनिक चालला. जिवंत, रडणारा चालला नाही.

त्याच इटलीत आपले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही लढले. यशवंत घाडगे तिथेच १९४४ मध्ये पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात त्यांचा पुतळा आहे. जे परत आले आणि रात्री दचकून उठत राहिले, त्यांच्यावरची एकही फिल्म माझ्या पाहण्यात नाही. कुणाच्या घरी असे आजोबा होते का? कमेंटमध्ये लिहा.