मालवण, मुलं आणि मुक्काम

मंडळी, लहान पोराला घेऊन मालवणला जायचं ठरलं की आपण काय बघतो? एसी, टीव्ही, पार्किंग. मीही तेच बघून बुकिंग केलं. पहिल्या रात्री आमच्या चिरंजीवांनी तिखट कालवणाला हातही लावला नाही, आणि साधा वरणभात मागितला तर किचन बंद! पोरगं उपाशी झोपलं. दुसऱ्या दिवशी तारकर्लीला एका घरगुती ठिकाणी गेलो. तिथल्या आजी म्हणाल्या, "झिलाक पेज करून देतंय." प्रश्न मिटला.

घरी आल्यावर विचार केला, हा फरक आला कुठून?

पूर्वी इथे सुट्टीला येणारी मुलं बहुतेक मुंबईच्या चाकरमान्यांची. मुक्काम आजोळी, मग लॉज हवा कोणाला? १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आता ज्यांचं इथे कोणीच नाही असेही पाहुणे येऊ लागले. एमटीडीसीच्या न्याहारी-निवास योजनेत लोकांनी राहत्या घरातल्याच खोल्या त्यांना दिल्या. थोडक्यात, आजोळ भाड्याने मिळू लागलं म्हणा ना :)

२०२१ मध्ये चिपी विमानतळही सुरू झाला. हॉटेलं वाढतीलच. तुम्ही मात्र बुकिंगआधी फोन करून एवढंच विचारा, "रात्री उशिरा पोरासाठी मऊ भात मिळेल का?" बाकी सगळं नंतर.