जेथे जेथे नाहीत तेथे : अशोकाच्या द्वितीय शिलालेखातील पशुचिकित्सा

सम्राट अशोकाने जनावरांसाठी जगातील पहिली इस्पितळे उघडली, असे विधान आपल्या व्याख्यानांतून व स्मरणिकांतून वारंवार केले जाते. विधान अभिमानाचे आहे आणि बौद्ध श्रोत्याला ते आवडते. परंतु ज्या लेखाच्या आधारे ते केले जाते, त्याचा पाठ जवळून पाहिला असता तेथे इस्पितळ दिसत नाही. जे दिसते ते आमच्या मते अधिक विचार करण्यासारखे आहे, आणि खेड्यापाड्यांत राहणाऱ्या आपल्या समाजाशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे. म्हणून प्रस्तुत लेखात त्या पाठाची थोडी छाननी करण्याचे आम्ही योजिले आहे.

चौदा शिलालेखांपैकी दुसऱ्या लेखाचा गिरनार येथील पाठ चांगल्या स्थितीत आहे. काळ इ. स. पू. तिसऱ्या शतकाचा मध्य. आपल्या राज्यात सर्वत्र, तसेच चोल, पांड्य, सतियपुत, केतलपुत, तंबपंणी या सीमेपलीकडील प्रदेशांत आणि यवन राजा अंतियोक व त्याच्या शेजारच्या राजांच्या मुलखांत राजाने दोन प्रकारची चिकित्सा केली, असे तेथे म्हटले आहे. ते दोन प्रकार म्हणजे 'मनुसचिकीछा' आणि 'पसुचिकीछा'. पालि ग्रंथांत याच शब्दाचे रूप 'तिकिच्छा' असे येते; गिरनारच्या भाषेत आरंभीचा 'च' टिकून राहिला आहे. अर्थ मात्र एकच : उपचार. शाला, गृह, आगार असा वास्तुवाचक शब्द त्या ठिकाणी नाही. काही जुन्या अभ्यासकांनी येथे इस्पितळ कल्पिले आणि तेथून ते आपल्या भाषणांत उतरले. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या फाहियान या चिनी भिक्षूने पाटलिपुत्रातील धर्मार्थ रुग्णालयांचे वर्णन केले आहे, परंतु ती माणसांसाठी होती. त्या वर्णनाचा आधार सहाशे वर्षांपूर्वीच्या लेखाला देणे योग्य नव्हे.

खरे मर्म पुढच्या वाक्यात आहे. माणसांना उपयोगी व पशूंना उपयोगी अशा औषधी वनस्पती 'यत यत नास्ति', म्हणजे जेथे जेथे नाहीत, तेथे सर्वत्र आणविल्या आणि लावविल्या. मुळे आणि फळे यांचीही तीच व्यवस्था केली. वाटांवर विहिरी खणविल्या आणि झाडे लावविली, ती पशूंच्या व माणसांच्या उपभोगासाठी. ('पसुमनुसानं' या समासात पशू आधी आला म्हणून त्याला अग्रमान दिला, असे कोणी कोणी म्हणतात. द्वंद्व समासात लहान शब्द आधी येणे हा सामान्य प्रघात आहे. व्याकरणाच्या सोयीवर करुणेची इमारत उभारू नये.) 'यत यत नास्ति' हे तीन शब्द मात्र व्याकरणाच्या सोयीसाठी आलेले नाहीत. राजधानीत वैद्य असतात, व्यापारी असतात, औषधीही मिळतात. जेथे यांतले काहीच नाही ती जागा नेमकी ओळखून तेथे पुरवठा करणे, हे येथे राजाचे काम म्हणून नोंदविले आहे.

या तीन शब्दांचे वजन कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'शी तुलना केली असता स्पष्ट होते. त्या ग्रंथाच्या काळाविषयी वाद आहे, तो येथे बाजूस ठेवू. त्यात गोऽध्यक्ष, अश्वाध्यक्ष, हस्त्यध्यक्ष हे अधिकारी आहेत. लहान, वृद्ध व रोगी गुरांवर गोपालकांनी उपचार करावेत असा नियम आहे. घोड्यांचे चिकित्सक आहेत आणि त्यांच्या हयगयीला दंडही आहे. म्हणजे पशुवैद्यकाचे ज्ञान अशोकाने नव्याने निर्माण केले असे मानण्याचे कारण नाही. पण अर्थशास्त्रात सांभाळला जातो तो प्रामुख्याने राजाचा कळप, राजाचा घोडा, राजाचा हत्ती. युद्ध आणि कोश यांची ती निगा आहे. शिलालेखात पशू कोणाचा, हा प्रश्नच विचारलेला नाही.

ही दृष्टी आली कोठून? येथे पालि वाङ्मयाकडे वळावे लागते. दीघनिकायातील 'चक्कवत्तिसीहनाद सुत्ता'त धम्माने राज्य करणाऱ्याने कोणाकोणाचे रक्षण करावे याची यादी आहे. तीत निगम व जनपद येथील लोक आहेत, श्रमण-ब्राह्मण आहेत आणि शेवटी 'मिगपक्खी', म्हणजे पशुपक्षीही आहेत. 'कूटदंत सुत्ता'त यज्ञासाठी पशू मारण्याऐवजी कृषि-गोरक्षण करणाऱ्यांना बीज व भत्ता द्यावा, असा सल्ला राजाला दिला आहे. विनयपिटकातही एक लक्षणीय निर्णय आहे : दुसऱ्याच्या फाशात अडकलेले जनावर एखाद्या भिक्षूने करुणेपोटी सोडविले, तर त्याला चोरीची आपत्ति लागत नाही.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे ते मज्झिमनिकायातील तेहतिसावे, 'महागोपालक सुत्त'. श्रावस्तीच्या जेतवनात भगवंतांनी भिक्षूंना गुराख्याची उपमा दिली. अकरा गोष्टी ज्याच्या अंगी आहेत तोच कळप राखू शकतो व वाढवू शकतो. गुराखी 'रूपञ्ञू' असतो. अट्ठकथेप्रमाणे याचा अर्थ, गुरे संख्येने व रंगाने ओळखतो. तो 'लक्खणकुसल' असतो, म्हणजे अंगावरील खुणा, डाग त्याला ठाऊक असतात. तो 'आसाटिका' काढतो, म्हणजे जखमेवर माशीने घातलेली अंडी वेचून टाकतो. व्रण झाकतो. गोठ्यात धूर करतो. उताराचे ठिकाण जाणतो, जनावर पाणी प्याले की नाही हे जाणतो, वाट जाणतो, चारणीची जागा जाणतो. दूध काढताना वासरासाठी शेष ठेवतो. कळपाचे नायक असलेल्या बैलांची विशेष कदर करतो.

ही उपमा आहे आणि तिचे लक्ष्य भिक्षूची साधना आहे, हे आम्ही विसरत नाही. आसाटिका म्हणजे मनात उठलेला अकुशल वितर्क, व्रण झाकणे म्हणजे इंद्रियसंवर, असा तिचा उलगडा सुत्तातच केला आहे. पण उपमा लागू पडायची तर ऐकणाऱ्याला मूळ वस्तू ठाऊक असावी लागते. जखमेत किडे पडू नयेत म्हणून अंडी आधीच काढायची, उघडी जखम माशीला मोकळी सोडायची नाही, धूर करून डास-माश्या हटवायच्या, हे आजही गुरांचा कोणताही डॉक्टर सांगेल. आपल्या खेड्यांत गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतात तो याच कारणाने. त्यापुढील 'चूळगोपालक सुत्ता'त मगधाच्या एका मूर्ख गुराख्याची हकिकत आहे : पावसाळ्याच्या अखेरच्या महिन्यात, अलीकडचा-पलीकडचा काठ न पाहता, उतार नसलेल्या ठिकाणी त्याने गुरे गंगेत घातली आणि मध्यधारेत ती सर्व बुडाली. अज्ञान हे क्रौर्याइतकेच जनावराच्या जिवावर उठते, हे यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही.

आता शिक्षणाचा प्रश्न. औषधी लावल्या, विहिरी खणल्या, तरी जनावराशी वागण्याची रीत बदलली नाही तर काय उपयोग? अशोकाने प्रथम नियम केले. राज्याभिषेकानंतरच्या सव्विसाव्या वर्षीच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची मोठी यादी आहे. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण यांना अभय आहे. सहा महिन्यांच्या आतील पिलांनाही आहे. जिवंत जीव असलेले भूस जाळू नये, कारणाशिवाय वा हिंसेसाठी वणवा लावू नये, ठरावीक दिवशी बैल, बोकड, मेंढे बडवू नयेत, घोड्या-बैलांना डाग देऊ नयेत, असेही तेथे सांगितले आहे. खेड्यातील दैनंदिन व्यवहार ठाऊक असणाऱ्यानेच ही कलमे लिहिली आहेत.

पण त्यापुढच्याच वर्षीचा सातवा स्तंभलेख वाचावा. तो केवळ दिल्ली-टोपरा स्तंभावर आहे. लोकांत धम्म वाढला तो दोन मार्गांनी, असे राजा सांगतो : धम्मनियमाने आणि 'निझति'ने. निझति म्हणजे विचार करावयास लावणे, समजावून पटविणे. नियमाचे उदाहरण म्हणून तो अमुक प्राणी अवध्य केले हेच देतो, आणि लगेच म्हणतो की नियम हा हलका उपाय. प्राण्यांच्या अहिंसेसाठी खरी वाढ झाली ती निझतीने. आपल्याच आज्ञेला दुय्यम ठरविणारा राजा इतिहासात विरळा.

ही निझति खेड्यापर्यंत कशी पोहोचत असे? येथे महाराष्ट्राचा दुवा मिळतो. आठव्या शिलालेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपाऱ्यास मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा त्याच परिसरात १९५६ मध्ये, आपल्या धम्मदीक्षेच्या वर्षी, हाती आला. आठव्या लेखात राजांच्या शिकारीच्या विहारयात्रा थांबून धम्मयात्रा सुरू झाल्याचे सांगितले आहे. त्या यात्रेत जानपद जनांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश व त्यांच्याशी धम्मविषयक प्रश्नोत्तर होत असे. नवव्यात प्राण्यांविषयीचा संयम धम्ममंगलात गणला आहे. जानपद म्हणजे खेड्यातील माणूस. त्याला नुसते ऐकवायचे नव्हते, त्याच्याशी प्रश्नोत्तरही करायचे होते. पुढे चौथ्या स्तंभलेखात जनपदासाठी नेमलेल्या रज्जुकांना राजा कुशल दाईची उपमा देतो. पशुचिकित्सेची औषधी याच रज्जुकांच्या हातून गावोगाव गेली असावी, असा आमचा तर्क आहे. लेखात तसे शब्द नाहीत.

पाचव्या स्तंभलेखाच्या यादीत गाय नाही. बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात याकडे लक्ष वेधले आणि अशोकाला गाईविषयी वेगळे ममत्व नव्हते, गोवध हा अपराध ठरला तो गुप्तकाळात, असे प्रतिपादन केले. या भेदाचे फळ आपल्या पूर्वजांनी भोगले आहे. एका पशूला पूज्य ठरविणाऱ्या व्यवस्थेने तोच पशू मेल्यावर ओढण्याचे काम एका समाजावर लादले आणि त्याच कामासाठी त्याला अस्पृश्य मानले. जिवंत बैलाच्या मानेवरील जखम धुण्याची मात्र कोणास सक्ती नव्हती. उत्तर भारतात एकोणिसाव्या शतकात साथीने गुरे मेली की चर्मकारांनी विष घातले असे आरोप झाल्याच्या नोंदी सरकारी दप्तरांत आहेत. रोगाचे निदान करणारा गावात कोणी नसला की दोष दुबळ्याच्या माथी जातो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचा आदेश दिला, १९२८ मध्ये वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. हलक्या मानल्या गेलेल्या गावकामगार वतनांचे निर्मूलन करणारा कायदा १९५८ मध्ये झाला.

आधुनिक पशुवैद्यकही आपल्याकडे शहरातून सुरू झाले. मुंबईचा पांजरपोळ १८३४ चा, परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. १८८९ मध्ये पुण्यास जीवाणूशास्त्राची प्रयोगशाळा निघाली, तीच पुढे मुक्तेश्वरला गेली. बुळकांडी या रोगाने एकेका साथीत गावेच्या गावे बैलाविना केली होती. तो जगातून नाहीसा झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले, आणि त्यासाठी लस वाडीवस्तीपर्यंत, गोठ्यापर्यंत न्यावी लागली. शहरातील दवाखान्याच्या इमारतीने ते झाले नसते. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत यांच्या लसी आज उपलब्ध आहेत; तरी ज्याच्याकडे एक म्हैस किंवा चार शेळ्या आहेत, अशा भूमिहीन बाईला लस टोचून घेण्याचे महत्त्व कोणी समजावून सांगितलेले नसते. शेळी मेली की तिचे वर्षाचे उत्पन्न जाते.

विहारांतून चालणाऱ्या रविवारच्या धम्मवर्गांत 'महागोपालक सुत्ता'ची अकरा अंगे आणि द्वितीय शिलालेख ही दोन्ही मुलांना एकत्र शिकविता येतील. सुत्त मराठीतून वाचावे, शिलालेखातील शब्द फळ्यावर लिहावेत, आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यास बोलावून आसाटिका प्रत्यक्ष कशी काढतात व लसीकरण केव्हा करतात हे दाखवावे. पावसाळ्यापूर्वीचा, वैशाख-ज्येष्ठाचा काळ यासाठी सोयीचा आहे, कारण घटसर्प व फऱ्या यांच्या लसी त्याच सुमारास टोचतात. ज्या विहारांना सुत्ताचा मराठी पाठ हवा असेल त्यांच्यासाठी आम्ही तो सोप्या टिपांसह तयार करीत आहोत.