रीजन्सी कादंबऱ्यांमधलं ‘सोयीचं लग्न’ किती खरं?

रीजन्सी प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्यांना एक कथानक तोंडपाठ असतं. वडील मागे कर्जाचा डोंगर ठेवून गेलेत असा तरुण उमराव. पैसेवाल्या घरातली, पण दिसायला साधी मुलगी. प्रेमाचा पत्ता नाही, गरज दोघांनाही आहे, म्हणून लग्न. आणि तीनशे पानांनंतर दोघांच्या लक्षात येतं की आपण एकमेकांच्या प्रेमात पडलोय. या विषयावर रिसर्च करायचं म्हणणारे बरेच जण सिनॉप्सिसच्या शीर्षकात ‘वास्तववादी चित्रण’ हे दोन शब्द टाकतात. मग समितीतलं कोणीतरी शांतपणे विचारतं: वास्तववादी म्हणजे कशाच्या तुलनेत? आजची पोस्ट या एका प्रश्नाबद्दल आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या कादंबऱ्यांचा खरेपणा नायक-नायिकेच्या भावनांवरून ठरवायला गेलात तर हाती काही लागत नाही, कारण दोनशे वर्षांपूर्वीच्या जोडप्याच्या मनात काय होतं हे तपासायला साधन फार तोकडं आहे. तपासता येतात ते कागद. लग्नाआधी वकिलांनी काय लिहून घेतलं? नवऱ्याच्या हातात काय गेलं, बायकोच्या नावावर काय राहिलं, आणि लग्न फसलं तर बाहेर पडायची वाट कोणाला होती? या प्रश्नांना कादंबरी काय उत्तर देते, ते बघायचं.

आधी काळ पक्का करू. ‘रीजन्सी’ म्हणजे काटेकोरपणे ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२०. राजा तिसरा जॉर्ज मानसिक आजारामुळे राज्य करण्याच्या स्थितीत नव्हता आणि त्याचा मुलगा रीजंट, म्हणजे राजप्रतिनिधी होता. (आपल्याकडे याच काळात पेशवाई बुडाली.) कादंबऱ्यांच्या बाजारात मात्र हा शब्द पन्नास-साठ वर्षांना सैलपणे लावतात. हा प्रकार रूढ करणाऱ्या जॉर्जेट हेयरची ‘द कन्व्हीनियंट मॅरेज’ ही १९३४ची कादंबरी नावावरून आपल्या विषयाची वाटते, पण ती घडते १७७६ साली. सँपल निवडताना ही गोष्ट बघून घ्या, नाहीतर पहिल्याच प्रकरणात कोणीतरी अडवेल.

आता ‘सोयीचं’ या शब्दाकडे. कादंबरीत लग्नाचे दोन कप्पे असतात, प्रेमाचं आणि सोयीचं. त्या काळच्या जमीनदार वर्गात मात्र प्रेमाच्या लग्नातही वकील बसलेलेच असत. आपल्याकडे जुन्या लग्नांत देण्याघेण्याच्या याद्या व्हायच्या ना, तसं तिकडे ‘मॅरेज सेटलमेंट’ नावाचा दस्त व्हायचा. फरक इतकाच की तो कोर्टात चालायचा. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) मिसेस बेनेट आणि मुलींसाठी लग्नाच्या करारातच ५,००० पौंड बांधून ठेवलेले आहेत. मुली पाच. म्हणजे आईच्या पश्चात प्रत्येकीला हजार. बेनेट दांपत्याचं लग्न काही सोयीचं नव्हतं, तो माणूस एका सुंदर चेहऱ्यावर भुलला होता, तरी कागद झालाच. त्याच पुस्तकातली २७ वर्षांची शार्लट ल्यूकस कॉलिन्सला हो म्हणते तेव्हा तिला घर हवं असतं, आणि हे ती मोकळेपणाने बोलूनही दाखवते. ऑस्टिनला हा हिशोब लांबून ठाऊक नव्हता. डिसेंबर १८०२मध्ये तिनेच एका इस्टेटीच्या वारसाला संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोडला. लग्नाच्या आदल्या पायरीवर मोडता येत होतं. पुढच्या पायरीवर फार अवघड होतं.

का अवघड, ते कायद्यात आहे. इथे जरा थांबू, कारण थीसिसचा पाया इथेच पडतो.

इंग्लंडच्या सामान्य कायद्यात ‘कव्हर्चर’ नावाचं तत्त्व होतं. लग्न झालं की बायकोचं स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात झाकलं जायचं. तिची रोकड, दागिने, सामान त्याचं. तिच्या जमिनीचं उत्पन्नही तो घेणार. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे. हे चित्र बदलायला सुरुवात झाली १८७०च्या कायद्याने आणि खरं बदललं १८८२च्या कायद्याने, म्हणजे रीजन्सी संपून साठ वर्षं होऊन गेल्यावर.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी यातून पळवाट काढली. चान्सरी नावाचं कोर्ट वेगळ्या न्यायतत्त्वावर चालायचं आणि तिथे विश्वस्तांच्या हाती ठेवलेली मालमत्ता ‘बायकोची स्वतंत्र’ म्हणून मान्य व्हायची. म्हणून मुलीचा बाप लग्नाआधीच सगळं लिहून घ्यायचा. दस्तात साधारण तीन गोष्टी असत. बायकोला दरवर्षी मिळणारा हातखर्च, ज्याला तिकडे पिन मनी म्हणत. नवरा गेला तर तिला मिळायचं वर्षासन, म्हणजे जॉइंचर. आणि मोठ्या मुलाला इस्टेट जाणार हे धरून बाकीच्या मुलांचे ठरलेले हिस्से. जॉइंचरचा ढोबळ हिशोब असा की मुलीने हजार पौंड आणले तर वैधव्यात वर्षाला शंभर. वाटाघाटी खऱ्या या आकड्यावर चालत.

याला स्त्रीधन म्हणायचा मोह होतो. मी टाळतो. स्त्रीधनाची कल्पना वेगळ्या धर्मशास्त्रातून आलेली आहे, आणि तुलना करायची तर तिला आख्खं प्रकरण द्यावं लागेल. शिवाय सूझन स्टेव्ह्ज यांनी १९९०च्या पुस्तकात दाखवलंय की ही ‘स्वतंत्र मालमत्ता’ कागदावर दिसते तेवढी बायकांच्या हातात राहिली नाही. उदाहरणार्थ, नवऱ्याने हातखर्च वर्षानुवर्षं थकवला तर कोर्ट साधारण एका वर्षाची थकबाकीच मंजूर करायचं. कागद होता, अंमल तेवढा नव्हता.

हे सगळं डोक्यात ठेवून हेयरची १९६१ची ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ वाचा. माझ्या मते या प्रकारातली ही सगळ्यात प्रामाणिक कादंबरी आहे. नावातच गंमत आहे. ‘सिव्हिल’ म्हणजे दिवाणी, आणि ‘सिव्हिल’ म्हणजे सभ्यपणाने वागणं. लग्न दोन्ही अर्थांनी तसं आहे. अ‍ॅडम डेव्हेरिल स्पेनच्या युद्धातून लंगडत परत येतो, वडील वारलेले, लिंकनशरमधली इस्टेट गहाणात. त्याचं प्रेम ज्युलियावर. लग्न होतं जेनी चॉलीशी, जिचा बाप लंडनच्या सिटीतला गडगंज व्यापारी आहे.

हा बाप, जोनाथन चॉली, पुस्तकातला खरा माणूस. आवाज मोठा, मन मोठं, चिनी मातीच्या भांड्यांचा षौक, आणि पैसा देताना जावयाला गुदमरायला होईल इतका उत्साह. सासऱ्याच्या पैशावर आपलं घर उभं आहे ही बोच अ‍ॅडमला पानोपानी टोचते. व्यापारी पैसा आणि जमीनदारी नाव यांची ही देवघेव इतिहासाला धरून आहे. हेयर तिच्यावर गुलाबी रंग फासत नाही. शेवटी वॉटर्लूच्या बातमीआधी लंडनमध्ये घबराट पसरते, सरकारी रोखे कोसळतात, चॉली ‘विका’ म्हणतो आणि अ‍ॅडम आपल्या सेनापतीवर भरवसा ठेवून विकत घेतो. जून १८१५. त्यातून तो पैशाच्या बाबतीत मोकळा होतो. म्हणजे या कादंबरीतला कळसाचा प्रसंग शेअर बाजारात घडतो! आणि जेनीला शेवटी जे मिळतं ती धगधगती प्रीती नसते. सवय, आधार, शेतीच्या गप्पा, एक मूल. बऱ्याच वाचकांना हा शेवट आवडत नाही. मला तो या प्रकारातला सगळ्यात धीट शेवट वाटतो.

याच्या उलट एक लाडकी युक्ती बघा: ‘नावापुरतं लग्न करू, वर्षभर वेगळ्या खोल्यांत राहू, मग लग्न रद्द करून घेऊ.’ हे चालत नव्हतं. शरीरसंबंध आला नाही एवढ्याच कारणावरून इंग्लंडचं चर्च कोर्ट लग्न रद्द करत नसे. असाध्य असमर्थता सिद्ध करावी लागे, त्यासाठी सहसा तीन वर्षं एकत्र राहिल्याचं दाखवावं लागे आणि वैद्यकीय तपासणी होई. जोडीदाराने जाणूनबुजून नकार दिला हे कारण कायद्यात आलं १९३७ साली. घटस्फोट? १८५७पर्यंत पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा लागायचा. असे सगळे मिळून सव्वातीनशेच्या आसपास झाले, आणि त्यात यशस्वी झालेल्या बायका चार. पहिली १८०१ मध्ये. आता नायिका जेव्हा ‘मग आपण मोकळे’ म्हणते, तेव्हा ती १९व्या शतकाच्या सुरुवातीला बोलत नसून लेखिकेच्या काळात बोलतेय हे ओळखता येतं. ही खूण उपयोगी आहे. चूक शोधली म्हणून खूश होऊन थांबू नका. ती चूक का लागली, कथेला बाहेर पडायचा दरवाजा का हवा होता, हा रिसर्चचा प्रश्न आहे. हेयरची कादंबरी १८१५चा पुरावा नाही, ती १९६१चा पुरावा आहे, हे समितीसमोर स्पष्ट म्हणता आलं पाहिजे.

कल्पित सोडून एक खरं लग्न घेऊ. कॅथरीन टिल्नी-लाँग ही त्या काळात इंग्लंडमधली सगळ्यात श्रीमंत बिगर-उमराव वारसदार मानली जायची. लंडनजवळचा वॉन्स्टेड हाउस हा महाल तिचा. तिला मागणी घालणाऱ्यांत खुद्द रीजंटचा भाऊ, ड्यूक ऑफ क्लॅरन्स होता. तिने निवडला विल्यम वेलस्ली-पोल. हा वेलिंग्टनचा पुतण्या. तोच वेलिंग्टन, ज्याला आपण असईच्या १८०३च्या लढाईतला आर्थर वेलस्ली म्हणून ओळखतो. लग्न झालं मार्च १८१२मध्ये. नवऱ्याने बायकोची दोन्ही आडनावं आपल्या नावात घुसवली आणि पैसा उडवायला सुरुवात केली. दहा वर्षांत, १८२२ला, वॉन्स्टेडमधलं सामान लिलावात गेलं. त्यानंतर महालही मोडीच्या भावाने विकून पाडला गेला. कॅथरीन १८२५मध्ये वारली. तोवर नवरा दुसऱ्या एका विवाहित बाईबरोबर राहत होता.

या लग्नाला काय म्हणायचं? तिच्या बाजूने ते पसंतीचं होतं, त्याच्या बाजूने सोयीचं. कादंबरीत दोघांनाही सोय ठाऊक असते, म्हणून व्यवहार बरोबरीचा वाटतो. इथे एकाच बाजूला ठाऊक होती. आणि सेटलमेंट? हे घराणं फार श्रीमंत, चांगले वकील, सगळं होतं. तरी महाल वाचला नाही.

स्वतः रीजंटचंही काही वेगळं नव्हतं. मारिया फिट्झहर्बर्टशी त्याने १७८५मध्ये गुपचूप लग्न केलं होतं, जे राजघराण्याच्या विवाह कायद्यामुळे अवैध ठरत होतं. मग कर्ज सहा लाख पौंडांच्या वर गेलं आणि ते फेडण्याच्या सोयीसाठी एप्रिल १७९५मध्ये त्याने कॅरोलाइनशी लग्न केलं. भेट आणि लग्न यांत तीन दिवस. ज्याच्या नावाने या कादंबऱ्या ओळखल्या जातात त्याचं सोयीचं लग्न प्रेमात बदललं नाही. १८२०मध्ये त्याच्या सरकारने तिच्याविरुद्ध पार्लमेंटात विधेयक आणलं, आणि ते सोडून द्यावं लागलं.

ज्यांना या दिशेने काम करायचंय त्यांनी लॉरेन्स स्टोनचं १९७७चं पुस्तक आणि त्याला छेद देणारं अमांडा व्हिकरींचं १९९८चं पुस्तक एकामागोमाग वाचावं. स्टोन म्हणतो की सोयीकडून सोबतीकडे असा मोठा बदल झाला. व्हिकरी पत्रं आणि रोजनिशा घेऊन दाखवतात की सोय आणि माया घराघरांत आधीपासून एकत्र नांदत होत्या. मी व्हिकरींच्या बाजूचा आहे, पण स्टोन न वाचता त्या बाजूला जाण्यात अर्थ नाही. मूळ साधनं म्हणाल तर सेटलमेंटचे दस्त काउंटी अभिलेखागारांत सापडतात आणि कँटरबरीच्या कोर्टात सिद्ध झालेली मृत्युपत्रं क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. इथे बसूनही खूप काही ऑनलाइन दिसतं.

दस्त वाचायला कंटाळा आला तर कॅथरीनच्या मुलांचा खटला वाचा. मरण्यापूर्वी तिची इच्छा होती की तिन्ही मुलं आपल्या बहिणींकडे राहावीत. बाप कोर्टात गेला. कायद्याने मुलं बापाची, आईच्या इच्छेला किंमत नव्हती. तरीही लॉर्ड एल्डनने १८२७मध्ये बापाचं वागणं पाहून मुलं त्याच्या ताब्यात द्यायला नकार दिला आणि पुढच्या वर्षी लॉर्ड्स सभागृहाने तो निकाल कायम ठेवला. हा अपवाद होता. सात वर्षांखालच्या मुलांसाठी आईला नुसता अर्ज करता यावा म्हणून १८३९चा कायदा यावा लागला. रीजन्सी कादंबरी बहुतेक वेळा वारसाच्या जन्मापाशी संपते. हा खटला तिथून पुढे सुरू होतो.