काळजी खरी, कागद खोटा

आमच्या साखरखेर्ड्याला इतिहासाने एकदा दुसरे नाव देऊन पाहिले. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथे निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला. खान लढाईत पडला आणि गाव फतेहखेर्डा झाले. कागदोपत्री ते नाव आले, पण लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच राहिले. सत्तेने काहीही लिहिले तरी लोक आपले म्हणणे सोडत नाहीत, असे मी अभिमानाने सांगत आलो. पण लोकांचे म्हणणे तरी दर वेळी खरे असते का? या प्रश्नापाशी आलो की मला कोल्हापूर प्रकरण आठवते.

टिळकांचा तुरुंगवास म्हटले की १८९७ आणि १९०८ चे राजद्रोहाचे खटले डोळ्यांपुढे येतात. पहिली शिक्षा मात्र अब्रुनुकसानीची होती, आणि तीत सोबत होते गोपाळ गणेश आगरकर. हे आगरकर वऱ्हाडाला परके नाहीत. १८७५ साली ते अकोल्याहूनच मॅट्रिक झाले.

जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज तेव्हा अठराच्या आतले. त्यांना वेड लागले आहे, असे सरकार म्हणे. त्यांचा छळ होतो आहे, अशी बातमी पुण्यात येई. दोन्ही पत्रांनी संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. आधार होता हाती आलेल्या काही पत्रांचा. बर्व्यांनी फिर्याद केली, आणि ती पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, पण बर्वे मागे हटले नाहीत. जोतीराव फुल्यांचे आणि या दोघांचे विचार जुळणारे नव्हते. तरी त्यांच्याच खटपटीने रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन भरला.

१७ जुलै १८८२ रोजी चार महिन्यांची शिक्षा झाली. आगरकरांना सव्वीस पुरी होऊन तीन दिवस झाले होते. टिळकांचा वाढदिवस सहा दिवसांवर होता. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला दोघे सुटले.

आणि महाराज? २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. संपादकांची काळजी अनाठायी नव्हती. काळजी खरी होती, कागद खोटा होता. आणि कोर्ट कागद पाहते.

१८६० च्या दंडसंहितेचे कलम ४९९ लोकहितासाठी सांगितलेल्या सत्याला संरक्षण देत होते, सद्भावाने केलेल्या टीकेलाही वाट ठेवत होते. पण योग्य काळजी न घेता केलेले कृत्य सद्भावाचे नव्हे, असे कलम ५२ बजावत होते. १ जुलै २०२४ पासून अब्रुनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आली. दोन वर्षांपर्यंतची कैद त्यातही आहे. या कलमाचा धाक दाखवून माणसे गप्प करता येतात, हेही खरे. निकाल काहीही लागो, तारखांना जाऊन जाऊनच बिचारा लिहिणारा थकतो. म्हणून तर त्याने आपली बाजू कच्ची ठेवू नये.

आमच्यात हदीस सांगताना आधी कोणी कोणाकडून ऐकले त्याची साखळी सांगायची रीत आहे. तिला सनद म्हणतात. एक कडी कच्ची असली की जाणकार ते वचन बाजूला ठेवतात, मग ते कितीही गोड असो. लहानपणी हे ऐकले होते. उमगले फार उशिरा.

एका साप्ताहिकात मी सदर लिहीत असे. एकदा एका कागदाची झेरॉक्स हाती आली. वाचून रक्त तापले, रात्रीत लेख लिहून काढला. संपादकांनी एवढेच विचारले, “भाऊ, मूळ कागद पाहिलात का?” नव्हता पाहिला. लेख थांबला. चार दिवस मी रुसून होतो. मूळ कागद मिळाला तेव्हा त्यावर नाव भलत्याचेच होते. ज्याच्यावर मी लिहिले होते त्याच्या मुली त्याच गावातल्या शाळेत जात होत्या.

आज आपण सगळेच बातमीवर बोलतो, लिहितो, पुढे पाठवतो. बोलावेच. डोंगरीहून आल्यावर आगरकरांनी तिथल्या दिवसांवर पुस्तक लिहिले. लेखणी खाली ठेवली नाही. मात्र संताप आला की मी हल्ली थोडा थांबतो, आणि हातातले पत्र कोणाचे, हे आधी विचारतो.