शिलेदाराची रोजी

मद्रास इलाख्याचे जुने इंग्रजी इतिहास चाळले म्हणजे त्यांत मराठा बहुधा दोन रूपांत भेटतो: एक तंजावरचा राजा आणि दुसरा लुटारू स्वार. आपल्याकडील व्याख्यानांत हाच स्वार भगवा झेंडा मिरविणारा वीर होतो. तो पोट कशावर भरीत होता, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे फारसा विचारला जात नाही. दक्षिणेत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी मंडळींस तो विचारावयास हरकत नसावी.

मराठी घोडदळात स्वार दोन प्रकारचे असत. बारगिरास घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. शिवछत्रपतींनी रोख वेतनाची रीत घातली आणि लूट सरकारजमा करण्याचा दंडक केला. चिपळूणच्या छावणीस मे १६७३ मध्ये लिहिलेल्या पत्रात, कुणब्याचे दाणे वा भाजीपाला ओरबाडाल तर मोगल परवडला असे रयतेस वाटेल, अशी ताकीद त्यांनी दिली होती. पोटाची सोय नसलेला शिपाई रयतेवर तुटून पडतो, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

पुढे १६८९ साली राजाराम महाराज जिंजीस आले, तेव्हा ही घडी मोडली. जिंजी आपल्या चेन्नईपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर आहे. वेढ्यात सापडलेल्या त्या राजधानीत खजिना रिकामा होता, म्हणून सरदारांस वतनांची आश्वासने द्यावी लागली. स्वराज्य त्यामुळे वाचले, यात शंका नाही. पण फौजेने मुलखावर पोसावे, ही सवयही त्याच काळात मुरली.

ह्या धंद्याचा आमच्या भागातील सर्वांत कसबी पुरुष म्हणजे मुरारराव घोरपडे. रघूजी भोसल्यांनी १७४० मध्ये अर्काटचा नबाब दोस्त अली यास रणात पाडले आणि पुढल्या वर्षी त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद केले. तो किल्ला मुराररावांच्या हवाली झाला. १७४३ साली निजामाने तो परत घेतला, आणि मुराररावांनी गुत्तीच्या डोंगरी किल्ल्यावर आपले ठाणे बसविले. आपली मुंबईकडे जाणारी गाडी आजही गुत्तीवरून जाते. किती प्रवासी त्या नावाशी थबकत असतील, कोण जाणे!

१७५१ साली अर्काटच्या किल्ल्यात क्लाइव्ह कोंडला गेला, तेव्हा मुरारराव सहा हजार स्वारांनिशी जवळच तळ देऊन होते. महंमद अलीच्या बाजूने लढण्यास त्यांना आणले होते ते मैसूरकरांनी. मराठे निघाल्याची वार्ता लागताच रझासाहेबाने घाईने हल्ला चढविला आणि तो फसला. पुढे आरणीच्या लढाईत मराठा स्वार क्लाइव्हच्या बरोबर होते. त्या विजयात शत्रूची लाख रुपयांची पेटी हाती लागली, आणि फ्रेंचांकडील सहाशे शिपाई येऊन इंग्रजांच्या चाकरीस राहिले. जेथे वेतन, तेथे शिपाई!

पुढे कबूल केलेले त्रिचनापल्ली महंमद अलीने मैसूरकरांस दिले नाही. तेव्हा १७५२ च्या अखेरीस मैसूरकर डुप्लेक्सच्या पक्षास मिळाले आणि त्यांच्याबरोबर मुराररावही. इंग्रज इतिहासकार ह्यास बेइमानी म्हणतात. मला तो आरोप पोकळ वाटतो. ज्या कंपनीने व्यापारासाठी नबाब उभे केले आणि पाडले, तिने भाडोत्री स्वाराकडून निष्ठेची अपेक्षा करावी हे नवलच. शिलेदार तोफेच्या तोंडी जाण्यास कचरतो, असेही म्हटले जाई. पण घोडा ही त्याची घरची मत्ता होती. तो पडला म्हणजे कुळाची रोजी बुडाली. मग भरपाई कोण देणार?

तथापि स्वाराची बाजू मांडताना रयतेस विसरून चालणार नाही. चौथ मागणारा येई, नबाबाचा आमील येई, आणि दोघांच्याही घोड्यांस उभे पीक लागे. महंमद अलीने युद्धखर्चासाठी आणि थाटासाठी मद्रासच्या गोऱ्या सावकारांकडून जबर व्याजाने कर्जे काढली व त्यांपोटी गावांचा वसूल गहाण टाकला. १७६८ साली चेपॉक येथे त्याचा राजवाडा उभा राहिला. आपण समुद्रावर फिरावयास जातो त्या रस्त्यालगतची ही वास्तू पाहताना, तलवारीमागे उभा असलेला सावकार ह्याच शहरात राहत होता, हे आठवते.

मुराररावांचा शेवट दुःखद झाला. हैदर अलीने गुत्तीस वेढा दिला. गडावरचे पाणी आटले आणि १७७६ साली किल्ला पडला. मुराररावांस कब्बाळदुर्गावर कैदेत ठेवण्यात आले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. धंदा मात्र संपला नाही. हैदर व टिपू यांनी शिलेदार पदरी बाळगले. टिपूच्या पाडावानंतर दिवाण पूर्णय्यांनी मैसूरची शिलेदार पथके उभारली, आणि १८०३ मध्ये मैसूरचे घोडदळ वेलस्लीच्या दिमतीस महाराष्ट्रात आले. त्या वर्षी २३ सप्टेंबरला असईच्या रणात शिंद्यांची फौज त्याच वेलस्लीसमोर उभी होती. पुढे इंग्रजांनी आपल्या हिंदी रिसाल्यांसाठीही ही शिलेदारी पद्धत उचलली. स्वाराने घोडा व सरंजाम स्वतःच्या खर्चाने राखावयाचा, हा तिचा नियम पहिल्या महायुद्धात मेलेल्या घोड्यांची भरती करता करता मोडला, आणि युद्धानंतर ती बंद करण्यात आली.